त्या तीन तबकड्या आधी बाजूला काढा

पत्र:

नमस्कार. माझं वय ३८, नाशिकला असतो. माझे काका मर्चंट नेव्हीत होते, मागच्या वर्षी ते गेले. काकूने त्यांची रेकॉर्डची पेटी माझ्या हवाली केली. "घरात हे ऐकणारा तूच एक, तूच ने," म्हणाली. साठेक एलपी आहेत: बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, रोलिंग स्टोन्स. दहा-बारा काकांनी बाहेरून आणलेल्या, बाकीच्या इथेच छापलेल्या, बहुतेक एचएमव्हीच्या. मुंबईतला एक विक्रेता मला पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं ब्रिटिश पहिलं प्रेसिंग सत्तर हजारांना देतोय. काकांकडे हा अल्बम आहे, पण भारतीय. विक्रेता म्हणतो, तुमच्या सगळ्या भारतीय प्रती मी वीस हजारांना उचलतो, वरचे पन्नास द्या. पेटीच्या तळाशी बीटल्सच्या तीन ७८च्या तबकड्याही आहेत. माझ्या प्लेअरवर त्या वाजत नाहीत. त्या सोबत अशाच टाका, असं तो म्हणाला. बायकोच्या मते एका रेकॉर्डला सत्तर हजार म्हणजे वेडेपणा. मी म्हणतो ही गुंतवणूक आहे. काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, ऑस्ट्रेलियात असते, तिला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर:

तुम्ही सत्तर हजारांचं विचारलंत. त्याकडे येऊच, पण पत्राच्या शेवटी शेवटी जाता जाता जे लिहिलंय ते आधी. त्या तीन तबकड्या आजच पेटीतून काढा, दोन पुठ्ठ्यांच्या मधे उभ्या ठेवा आणि कुणालाही देऊ नका. फुकट तर नाहीच, विकतही नाही. निदान आत्ता नाही.

कारण सांगतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास बंद झाल्या. बीटल्सची पहिली एलपी आली मार्च १९६३ मध्ये. म्हणजे तिकडच्या माणसाने बीटल्स ऐकले ते ४५च्या छोट्या रेकॉर्डवर किंवा ३३च्या एलपीवर, ७८वर नाही. आपल्याकडे मात्र तेव्हा कितीतरी घरांत वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन होता. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाला, म्हणजे आपल्या एचएमव्हीला, ते गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं. म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८वर निघत राहिली. चावी फिरवून, पोलादी सुई लावून कुणीतरी बीटल्स ऐकत होतं, आणि तेही तिकडे ही गाणी गाजत असताना! जगभरचे बीटल्स-संग्राहक या भारतीय ७८च्या मागे असतात, कारण त्या थोड्याच निघाल्या, पटकन फुटणाऱ्या होत्या, आणि ज्या घरांत गेल्या तिथे त्या जपून ठेवण्याची वस्तू आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

तुमच्या हातात त्याच आहेत का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. तुम्ही बघू शकता. तबकडी दहा इंची असेल, एलपीपेक्षा लहान पण हाताला जड आणि जराही न वाकणारी. ती व्हिनाइलची नसते, लाखेची असते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचं मिश्रण. (ही लाख जगाला मुख्यतः आपल्याच छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची. हे आपण विसरून गेलोय.) लेबलावर पार्लोफोन या बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव, ७८चा वेग आणि भारतात बनवल्याचा उल्लेख असायला हवा. दिव्याखाली तिरकी धरून कडेपासून आत जाणारी केसासारखी चीर दिसते का पाहा. चिरेने भाव खूप उतरतो, तरी संपत नाही.

वाजवून बघू नका. एलपीच्या सुईचं टोक ७८च्या खोबणीत तळाशी लोंबकळतं, कारण ७८ची खोबण तीन-चार पट रुंद असते. त्यासाठी वेगळी सुई लागते, आणि ७८चा वेग असलेला प्लेअर. आणि कुणाच्या आजोबांचा चावीचा ग्रामोफोन हौसेने आणून लावायचा मोह झाला तर तो आवरा, त्या जड ध्वनिपेटीखालची पोलादी सुई एका फेरीतही खोबण खरवडते. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू तर अजिबात नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकलीत तरी सध्या पुरे.

आता विक्रेत्याबद्दल. पहिल्या ब्रिटिश प्रेसिंगचा सत्तर हजार भाव ज्याला माहीत आहे, त्याला भारतीय बीटल्स ७८चा भाव माहीत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. असेलही एखादा भाबडा. पण 'सोबत अशाच टाका' हे वाक्य या धंद्यात फार जुनं आहे, आणि ते नेहमी ढिगातल्या सगळ्यात चांगल्या वस्तूबद्दल उच्चारलं जातं.

आता 'डार्क साइड'.

पहिलं प्रेसिंग, म्हणजे अगदी सुरुवातीला छापलेली प्रत, ही विक्रेत्याच्या तोंडी असलेली पदवी नसते, ती तबकडीवर कोरलेली असते. रेकॉर्ड कशी बनते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे काय विचारायचं ते तुम्हालाच कळेल. आधी एका लॅकरच्या चकतीवर खोबण कोरतात. तिच्यावरून धातूची उलटी प्रत घेतात, त्या उलट्या प्रतीवरून सुलटी, तिला 'मदर' म्हणतात. मदरवरून पुन्हा उलटे साचे, म्हणजे 'स्टॅम्पर'. गरम व्हिनाइलवर दाबला जातो तो हा स्टॅम्पर, आणि तो रबरी शिक्क्यासारखा झिजतो. काही शे प्रती काढल्यावर कडा बोथट होतात, मग नवा लावतात. म्हणून लवकरची प्रत ऐकायला धारदार असते, निदान असायला हवी.

हा सगळा इतिहास लेबल आणि शेवटची खोबण यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत लिहिलेला असतो. 'डार्क साइड'च्या ब्रिटिश प्रतीचा क्रमांक एसएचव्हीएल ८०४. पहिल्या प्रतींच्या कोऱ्या पट्टीत त्यापुढे एका बाजूला ए-२ आणि दुसऱ्या बाजूला बी-२ असतं. आणि लेबलावर जो त्रिकोण आहे, तो पहिल्या प्रतींत आतून निळ्या रंगाने भरलेला असतो. नंतरच्यांत नुसती त्रिकोणाची रेघ उरली. जाणकार त्याला 'भरीव त्रिकोण' म्हणून ओळखतात, आणि भाव खरं तर त्या त्रिकोणाचा आहे.

इतकंच बघून थांबू नका. लेबल सरळ धरलंत की क्रमांक खाली, घड्याळात सहा जिथे असतात तिथे येतो. डावीकडे, नऊच्या जागी, एक आकडा दिसेल: तो मदरचा. उजवीकडे, तीनच्या जागी, एक-दोन इंग्रजी अक्षरं: ती स्टॅम्परची. ही एलपी काढणाऱ्या ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या लंडनजवळच्या हेज इथल्या कारखान्यात अक्षरांनी आकडे लिहायची एक रीत होती. ग्रामोफोन कंपनीच्या नावातून दहा अक्षरं घेतली: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी शून्य. त्यामुळे नुसतं 'जी' दिसलं तर पहिला स्टॅम्पर, 'जीआर' दिसलं तर बारावा, 'आरएमएल' म्हणजे दोनशे अठ्ठेचाळिसावा. रेकॉर्ड जमवायला लागलेल्या माणसाला हा कोड कळतो त्या दिवशी तो घरातल्या सगळ्या ईएमआय तबकड्या काढून दिव्याखाली बसतो. तुम्हीही बसाल.

मग आतलं साहित्य. मार्च १९७३ मध्ये हा अल्बम आला तेव्हा उघडणाऱ्या कव्हरात दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. एका पोस्टरवर बँडचे फोटो, दुसऱ्यावर पिरॅमिड. किती प्रतींमधली पोस्टरं त्या वर्षीच भिंतीवर गेली असतील याची कल्पना करा. म्हणून आज भरीव त्रिकोणाच्या तबकडीसोबत नंतरच्या प्रतीतून काढलेली पोस्टरं घालून 'पूर्ण' प्रत तयार केली जाते. ते बेकायदा नाही, पण सांगून व्हायला हवं. पोस्टरवर चिकटपट्टीचे डाग किंवा कोपऱ्यांना टाचणीची भोकं असतील तर उलट मला जरा बरं वाटतं, निदान ते कुणाच्या तरी खोलीत राहून आलंय.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही: प्रतीची स्थिती. सत्तर हजार कशाचे? या छंदात प्रतींना दर्जा देण्याची अमेरिकन गोल्डमाइन मासिकाची पद्धत सगळीकडे चालते. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, अशी उतरण. तिथे 'व्हेरी गुड' म्हणजे हळू आवाजाच्या जागी खरखर ऐकू येणारी प्रत. त्याच पद्धतीत 'व्हेरी गुड'चा भाव निअर मिंटच्या चौथाई धरतात, आणि 'प्लस' लागलं तर निम्मा. म्हणजे दर्जा एक पायरी चुकीचा सांगितला तरी तुमच्या पस्तीस हजारांचा प्रश्न आहे. आणि हा अल्बम सुरू होतो जवळजवळ न ऐकू येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांनी! तिथे ओरखडा असेल तर ठोक्यांआधी तोच ऐकू येईल. विक्रेत्याने दर्जा डोळ्यांनी ठरवला की वाजवून, हे विचारा. शक्य असेल तर मुंबईला जाऊन पूर्ण पहिली बाजू स्वतः ऐका. तिथे ऐकू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

भाव तपासायला डिस्कॉग्ज आहे. २०००मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर प्रत्येक प्रेसिंगचं वेगळं पान असतं, आणि तिथे विक्रीला काय लावलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काय भावाला विकलं गेलं ते बघायचं: कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. लावलेले भाव स्वप्नाळू असतात. चांगल्या स्थितीतला, सगळं साहित्य असलेला भरीव त्रिकोण शेकडो पौंडांना जातो हे खरं. बाहेरून मागवला तर टपालखर्च आणि सीमाशुल्क वर पडतं, म्हणून मुंबईतल्या माणसाने थोडा जास्त भाव लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जास्त म्हणजे किती, हे त्या पानावर पाच मिनिटांत कळेल.

समजा सगळं खरं निघालं. घ्यावी का? माझं मत: तुमच्याकडचे पन्नास हजार मोकळे असतील तर घ्या, काकांच्या रेकॉर्ड देऊन घेऊ नका. आणि अल्बम चांगला ऐकू यावा एवढीच इच्छा असेल तर पहिलं प्रेसिंग लागतच नाही. २००३ मध्ये तिसाव्या वर्षी निघालेली एलपी, नाहीतर २०१६ची आवृत्ती काही हजारांत मिळून जाते आणि शांत वाजते. फक्त वजनाला भुलू नका. १८० ग्रॅम व्हिनाइल हातात घ्यायला छान वाटतं, आवाज मात्र खोबण कुणी आणि कशावरून कोरली यावर ठरतो. २०२२मध्ये मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीवर खटले झाले ते यामुळेच. ज्या महागड्या एलपी निव्वळ अॅनालॉग समजून लोक घेत होते, त्यांतल्या बऱ्याच मधल्या एका डिजिटल टप्प्यातून आल्या होत्या. गंमत अशी की त्याआधी वर्षानुवर्षं तेच कान त्याच एलपींची स्तुती करत होते.

बरं, तुमचा प्लेअर कोणता? तेही लिहिलेलं नाही. सुटकेससारखा दिसणारा स्वस्तातला असेल तर त्याची सुई जड बसते आणि खोबण झिजवते. त्याच्यावर भरीव त्रिकोण लावणं हा गुन्हा नाही, पण असायला हरकत नव्हती. सत्तर हजारांतले पंचवीस-तीस चांगल्या प्लेअर आणि सुईवर गेले तर काकांच्या साठही एलपी एका दिवसात सुधारतील.

आता ज्यांना तुम्ही एकगठ्ठा 'भारतीय प्रती' म्हणताय, त्यांच्याकडे वळू. साठातून बाहेरच्या वगळून पन्नास धरल्या, तर वीस हजारांत एकेक चारशेला पडते. हा भाव न बघता लावलेला आहे, किंवा अगदी नीट बघून.

खोटं बोलत नाही: डमडमच्या प्रती आवाजात सरसकट चांगल्या नाहीत. काही ब्रिटनहून आलेल्या धातूच्या साच्यांवरून दाबलेल्या आहेत आणि सुरेख वाजतात, काहींत खोबणीतून सतत तळणीसारखी चरचर येते. एकेक लावून ऐकल्याशिवाय कळत नाही. त्यांचं मोल वेगळ्या कारणाने आहे. इथे प्रती कमी निघाल्या. कव्हरं बऱ्याचदा इथे छापली, आणि तिकडच्यापेक्षा वेगळी. बाहेरचे संग्राहक देशोदेशीच्या प्रती जमवतात, आणि त्यांना भारतीय प्रत चांगल्या स्थितीत क्वचित मिळते, कारण आपला पावसाळा कव्हर खातो. लंडनमध्ये भरीव त्रिकोण महाग असला तरी मिळतो. डमडमची स्वच्छ 'डार्क साइड' लंडनमध्ये शोधायला जा म्हणावं. जी देऊन तुम्ही ब्रिटिश प्रत आणणार होतात, ती कदाचित जास्त दुर्मिळ आहे. जास्त महाग असेलच असं नाही. दुर्मिळ आणि महाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीटल्सच्या व्हाइट अल्बमवरून कळतं. १९६८च्या त्या अल्बमच्या लाखो कव्हरांवर अनुक्रमांक छापलेले आहेत, आणि त्यातली पहिल्या क्रमांकाची, रिंगो स्टारकडची प्रत २०१५ मध्ये लिलावात ७ लाख ९० हजार डॉलरला गेली. त्यातलं संगीत तुमच्याआमच्या प्रतीतलंच आहे. मला लहान क्रमांकांचं हे वेड कधी समजलं नाही, पण पैसे त्यांचे.

शिवाय या मंडळींचं आपल्याशी नातं नुसतं छापण्यापुरतं नाही. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग आणि 'द इनर लाइट'चं संगीत ध्वनिमुद्रित केलं. 'वंडरवॉल'मध्ये संतूर शिवकुमार शर्मांचं आहे. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथले वादक घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्याने वाजवून गेले, आणि त्या फिती २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत बाहेर आल्या. पेटीत 'द इनर लाइट' असेल (ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आहे), तर भारतीय प्रतीच्या बाबतीत ती तबकडी आपल्या गावाला परत आलीय असं समजा.

आणखी एक बघा. कव्हर ओळखीचं नसलं तरी कुठलीही भारतीय इंग्रजी रॉकची एलपी बाजूला टाकू नका. १९७० आणि ७१मध्ये सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी घेतलेल्या बँडस्पर्धांतून 'सिमला बीट' नावाच्या दोन एलपी निघाल्या. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७' १९८१ मध्ये निघाली. या मूळ प्रतींसाठी बाहेरचे लोक पिंक फ्लॉइडपेक्षा जास्त धावतात. काका मुंबईत उतरत होते, काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये गेले नसतील असं वाटत नाही. (ते दुकानही २०१६मध्ये बंद झालं.) त्यामुळे असायची शक्यता आहे.

बाहेरच्या दहा-बारांपैकी नावं तुम्ही दिलेली नाहीत, म्हणून काही खुणा देऊन ठेवतो. लेड झेपलिनचा पहिला अल्बम ब्रिटिश असेल तर कव्हरावर बँडचं नाव फिरोजी रंगात आहे का बघा. नंतर ते केशरी झालं. दुसरा अल्बम अमेरिकन असेल, १९६९चा, तर कोऱ्या पट्टीत 'आरएल' ही अक्षरं शोधा. ती बॉब लडविग या तंत्रज्ञाची. त्याने तो अल्बम इतक्या दणक्यात कोरला होता की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायची. तक्रारी आल्या, कंपनीने सौम्य करून पुन्हा कोरून घेतला. ज्यांच्याकडे तो पहिला राहिला ते आज नशीबवान आहेत. या छंदातल्या पुष्कळ दंतकथा कानाने ऐकल्या की विरतात. ही विरत नाही. बीटल्सचा 'प्लीज प्लीज मी' निघाला तर लेबल काळं-सोनेरी आहे की काळं-पिवळं ते पाहा. काळं-सोनेरी आणि त्यातही स्टिरिओ असेल तर प्लेअर बंद करून बसून घ्या. स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स' खऱ्या चेनच्या कव्हरात असेल तर ती दुसऱ्या एलपीला टेकवून ठेवू नका. १९७१ मध्ये त्या चेनने गठ्ठ्यातल्या शेजारच्या तबकड्या खराब केल्या होत्या. तोडगा काय काढला तर चेन थोडी उघडी ठेवून पाठवायची, म्हणजे दाब मधल्या लेबलावर येतो.

गुंतवणुकीबद्दल. बायकोचं बरोबर आहे आणि तुम्ही तिला दिलेलं कारण चुकीचं आहे. रेकॉर्ड विकताना भाव तुम्ही ठरवत नाही, गिऱ्हाईक मिळायला महिने जातात, परदेशी पाठवताना कव्हराचा कोपरा दुमडला की दर्जा एक पायरी खाली. वर व्याज शून्य. 'मला हे हवंय, आणि आपल्याला परवडतंय का ते तू सांग' असं म्हणा. वेडेपणा असं ती पुन्हाही म्हणेल, पण मग निदान भांडण खरं असेल.

आणि बहीण. हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला भाग. 'अजून सांगितलेलं नाही' यातला 'अजून' तुम्हालाही टोचत असणार, नाहीतर लिहिलाच नसता. काकूने पेटी दिली ती तुम्ही ऐकता म्हणून. विकायला दिलीय असं ती कुठे म्हणाली? कायद्यानेही बघा: मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे काकांच्या वस्तूंवर पहिला हक्क काकूचा आणि मुलीचा येतो. पुतण्याचा नंबर बराच खाली. चारशे रुपयांच्या एलपीवरून कुणी कोर्टात जात नाही. पण त्या तीन ७८ खऱ्या निघाल्या, तुम्ही त्या विकल्या आणि तिला ऑस्ट्रेलियात कुणाकडून तरी कळलं, तर पुढच्या लग्नकार्यात तुम्ही दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसाल. या रविवारी तिला व्हिडिओ कॉल करा, पेटी समोर ठेवा, एकेक कव्हर दाखवा. यातली तिला कुठली हवी ते विचारा. बाबा कोणती कधी लावायचे हे तिला नक्की आठवत असेल, आणि कोणती कुठल्या बंदरावरून आणली हे काकूला. ते एका वहीत लिहून ठेवा, प्रत्येक एलपीच्या नावापुढे. ७८ विकायच्या असं तिघांचं ठरलं तर विका, मला काहीच वाईट वाटणार नाही. पैसे काकूच्या खात्यात जाऊ देत.

पावसाळ्याचं थोडक्यात. एलपी उभ्या, सरळ, एकीवर एक न टेकता. आडव्या रचू नका. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, ओल तिथूनच येते. जुन्या चकचकीत जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका. पीव्हीसीची पिशवी वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर तबकडीवर दुधी डाग येतो आणि तो जात नाही. आतला कागद पिवळा पडला असेल तर नवीन मऊ आतलं पाकीट घ्या, जुनं छापील पाकीट मात्र कव्हरातच मागे राहू द्या, त्यालाही मोल असतं. व्हिनाइलवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. नळाचं पाणी नको, क्षार मागे राहतात. धुतलेली तबकडी पूर्ण वाळल्यावरच पाकिटात.

विक्रेत्याला आज एवढाच निरोप पाठवा: भारतीय प्रती विकायच्या नाहीत, ७८ही नाहीत. 'डार्क साइड'च्या दोन्ही लेबलांचे, दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्टीचे आणि पोस्टरांचे उजेडातले फोटो हवेत. फोटो आले आणि त्रिकोण भरीव निघाला, तर नऊ आणि तीनच्या जागचं काय आहे ते मला कळवा.